किट लेन्स, ५० चा प्राइम आणि हलका ट्रायपॉड: एवढ्यावर अरोरा निघेल का?

सिंदफणाकाठ

मंडळी, अरोरा (ध्रुवाकडच्या आभाळात रात्री दिसणारा रंगीत उजेड) टिपायला फेब्रुवारीत नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जायचं ठरलंय. हाताशी असलेलं सामान असं: २४ मेगापिक्सेलचा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरवाला डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ किट लेन्स (एफ ३.५ ते ५.६), एक ५० एमएम एफ १.८ (प्राइम, म्हणजे झूम नसलेली), बिनब्रँडचा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड आणि घरच्यांचे फोन. दुकानदारांचं मत विचारलं की एकच उत्तर येतं, "मोठी लेन्स घ्या." तेवढ्या पैशात घरातल्या आणखी एकाचं तिकीट निघतं.

तर प्रश्न असा की आहे त्यावर भागेल का? आणि भागणार असेल तर नेमकं काय सेट करायचं? "मॅन्युअलवर ठेवा, छान येतील" याच्या पुढचं सांगा. आकडे सांगा.

---

म्हैसमाळचा_वारा

भागेल, आणि चांगलं भागेल. लेन्सचं दुकान तूर्त बंद ठेवा.

किट लेन्स १८ एमएमवर ठेवा. झूम रिंग जरा सरकली तरी छिद्र एफ ४ होतं (एफचा आकडा मोठा म्हणजे छिद्र लहान, उजेड कमी), म्हणून झूमवर कागदी टेपचा एक तुकडा लावून टाका. मोड एम. ॲपर्चर ३.५. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२००. शटर ८ सेकंद. इथून सुरुवात करायची. प्रकाश मंद असेल, नुसता धुरकट पट्टा दिसत असेल तर १५ सेकंदांपर्यंत जा. पट्टा हलायला लागला, पडद्यासारख्या उभ्या चुण्या दिसू लागल्या की ४ ते ५ सेकंद, आणि आयएसओ ६४००. डोक्यावर येऊन नाचायला लागला तर २ सेकंदसुद्धा पुरतात, कारण तेव्हा तो तितका तेजस्वी असतो.

वरची मर्यादा ताऱ्यांची. ५०० भागिले (१८ गुणिले १.५, हा क्रॉप सेन्सरचा गुणक) म्हणजे साधारण १८ सेकंद. त्यापुढे तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतात. अरोरासाठी तिथवर जायची वेळ फार कमी येते.

फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मध्ये. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवू नका, ४००० केल्विनच्या आसपास कायम करा. ऑटोवर प्रत्येक फ्रेमचा हिरवा वेगळा येतो आणि नंतर एक मालिका जुळत नाही. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद. ते चालू असेल तर ८ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ८ सेकंद काळी फ्रेम घेत बसतो, आणि नेमका तेवढ्यात पट्टा फुटतो. लेन्सवरचं व्हीआर किंवा आयएस (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद. शटर २ सेकंदांच्या टायमरवर, किंवा वायरचा रिमोट.

---

लातूरकर_लेन्स

वाऱ्याशी अर्धा सहमत. किट लेन्सवर निघतं हे खरं, पण एफ ३.५ आणि एफ १.८ यांत जवळजवळ चौपट उजेडाचा फरक आहे. किटवर ८ सेकंद लागतात तिथे १.८ वर २ सेकंद. अरोराच्या चुण्या २ सेकंदांत चुण्याच राहतात, ८ सेकंदांत त्यांचा हिरवा चिखल होतो. फोटो "येणं" आणि त्यात आकार दिसणं या दोन गोष्टी आहेत.

५० एमएम मात्र यासाठी नाही. क्रॉपवर ती आडवी जेमतेम २६ अंश बघते. किट १८ वर ६६ अंश. अरोरा अख्ख्या आभाळभर असतो आणि तुम्ही त्यातली एक फीत पकडून बसाल. फ्रेम जोडून पॅनोरमा करू म्हणाल तर तोही होत नाही, दुसरी फ्रेम घेईपर्यंत पहिलीतला पट्टा जागा सोडून गेलेला असतो.

म्हणून मधला मार्ग: १४ एमएम एफ २.८ ची मॅन्युअल लेन्स आठवड्याच्या भाड्याने. क्रॉपवर ८० अंश मिळतात. पुण्या-मुंबईत भाड्याने मिळते, लातुरात विचारू नका.

---

म्हैसमाळचा_वारा

लातूरकर, २.८ आणि ३.५ यांत फरक दीडपट आहे, चौपट नाही. तुम्ही हिशेब १.८ चा मांडला आणि सुचवली २.८. ८ सेकंदांचे ५ होतील. त्यासाठी डिपॉझिट भरून, अनोळखी लेन्स घेऊन, पहिल्यांदाच बर्फात उभं राहायचं?

---

लातूरकर_लेन्स

दीडपट बरोबर. पण ६६ चे ८० अंश होतात ते सोडून दिलंत. डोक्यावर पट्टा आला की ते १४ अंश कळतात. असो, ज्याचं बजेट त्याचं.

---

परभणीचा_पारा

आमच्याकडे मे महिन्यात ४३ अंशांत फोन "गरम झालाय, थांबा" म्हणतो. तिकडे "गार झालाय, थांबा" म्हणणार. फोनला मराठवाड्यातही सुख नाही आणि नॉर्वेतही नाही.

---

शेंद्र्याचा_फिटर

लेन्सवर भांडायलेत सगळे, ट्रायपॉडकडे कुणी बघायलं नाही. बिनब्रँडचा ॲल्युमिनियम ट्रायपॉड म्हणलं की तीन जागा तपासा.

एक, हेडवरची क्विक रिलीज प्लेट, म्हणजे कॅमेरा जिच्यावर बसवतात ती. हलक्या ट्रायपॉडला ती प्लास्टिकची असते. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं, खटका तुटला की कॅमेरा बर्फात. जास्तीची एक प्लेट घेऊन ठेवा. कॅमेऱ्याखालचा स्क्रू सगळीकडे पाव इंचाचाच असतो. प्लेट आवळायला खिशात एक नाणं ठेवा, हातमोज्यातून बोटाने आवळली जात नाही.

दोन, पायांचे लॉक. वर खाली करून बघा, कॅमेरा लावून हाताने दाबा. सरकत असेल तर लॉकचा छोटा बोल्ट ॲलन की ने आवळता येतो. ती की सोबत न्या. आतलं ग्रीस थंडीत घट्ट होतं, पॅन-टिल्ट हेड फिरायला जड जातं. जोर लावून फिरवू नका, पाय उचलून अख्खा ट्रायपॉड वळवा.

तीन, मधला दांडा. तो वर काढायचाच नाही. उंची पाहिजे तर जाड पाय आधी उघडा, सगळ्यात बारीक नळी शेवटी. कमरेइतकी उंची भरपूर झाली.

उघड्या धातूला बोटं लावली की बोटं बधिर होतात. एसीच्या तांब्याच्या पाइपावर घालतात ती काळी फोमची नळी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. पायांच्या वरच्या भागावर चढवा, टेपने बांधा. बर्फात पाय नुसते ठेवले तर शरीराच्या हालचालीने खचतात. आधी दाबून टणक थरापर्यंत न्या, मग कॅमेरा लावा. आणि वाऱ्यात दांड्याला बॅग लटकवू नका. ती हेलकावे खाते, फोटो तिच्यामुळेच हलतो. लटकवायचीच असेल तर तिचं बूड जमिनीला टेकलेलं पाहिजे.

---

गोदेची_लेक

फिटरभाऊ, ही माहिती वेगळ्या धाग्यावर हवी होती. वाचनखूण साठवली.

---

तारकाताई

सगळ्यात जास्त फोटो कशाने जातात तर फोकसने, आणि त्यावर अजून एक ओळ नाही.

रात्री ऑटोफोकस चालत नाही. लेन्सवर अनंताची खूण असली तरी तिच्यावर विसंबू नका, खरं अनंत तिच्या थोडं अलीकडे असतं आणि थंडीत आणखी सरकतं. पद्धत अशी: लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर थेट चित्र) चालू करा, आयएसओ वाढवा, तेजस्वी तारा किंवा गुरू फ्रेमच्या मध्याजवळ आणा, पडद्यावर १० पट मोठा करा. आता रिंग सावकाश फिरवा. तारा बारीक होत जाईल, मग पुन्हा फुगायला लागेल. सगळ्यात बारीक होता तिथे परत या. फेब्रुवारीत ट्रॉम्सोहून ब्रह्महृदय उंच आणि ठळक असतो, त्याच्यावर करा. ढग असतील तर लांबचा रस्त्याचा दिवा चालेल, निदान काहीशे मीटर दूरचा.

मग एक फ्रेम घ्या, पडद्यावर मोठी करून कोपरेसुद्धा बघा. आणि दर अर्ध्या तासाने परत तपासा.

आता किट लेन्सची गोम. नव्या किट लेन्सची फोकस रिंग थेट काचेला जोडलेली नसते, ती मोटरला इशारा देते. कॅनॉनच्या एसटीएम आणि निकॉनच्या एएफ-पी अशाच. रिंगला टेप लावून उपयोग नाही, कॅमेरा बंद केला किंवा झोपला की फोकसची जागा हलू शकते. निकॉन एएफ-पी वर तर एएफ-एमएफचं (ऑटो की हाताने फोकस) बटणच नसतं, मेन्यूत जाऊन एमएफ करावं लागतं. म्हणून स्टँडबाय टायमर जास्तीत जास्त वेळेवर ठेवा, आणि कॅमेरा बंद करून चालू केला की फोकस नव्याने करायचा. जुनी मेकॅनिकल रिंगची किट असेल तर मात्र टेप उत्तम.

सिंदफणाकाठ, तुमची लेन्स नेमकी कोणती ते सांगा.

---

सिंदफणाकाठ

ताई, एएफ-पी आहे. बटण नाही हे आत्ता बघितलं.

---

तारकाताई

मग मेन्यूतला फोकस मोड "माय मेन्यू" मध्ये टाकून घ्या, अंधारात शोधावा लागणार नाही. आणि लाइव्ह व्ह्यू फोकसपुरताच. तो चालू राहिला की बॅटरी पितो.

---

अंबाजोगाईकर

एक वेगळं मत. आयएसओ ६४०० ऐकून लोक घाबरतात आणि ८०० वर ३० सेकंद मारतात. हिशेबाने उजेड तेवढाच येतो, दाणेही (नॉइज) कमी येतात, पण अरोरा स्थिर वस्तू नाही. ३० सेकंदांत पूर्ण आभाळ एकसारखं हिरवं होतं. दाणे सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी काढता येतात, पुसलेला आकार परत आणता येत नाही.

उलट चूकही होते. ३२०० वर अंधारी फ्रेम घेऊन "घरी उजळवू" म्हणणं. सावलीतले दाणे उजळवल्यावरच खरे बाहेर पडतात. जागेवर आयएसओ वाढवलेला परवडला.

कॅमेऱ्याचा पडदा रात्री फसवतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना फिकट फोटोही झगझगीत वाटतो. पडद्याची चमक कमीत कमी करा आणि हिस्टोग्राम (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) बघा. तोही साधा पांढरा नको, लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा. अरोराचा मुख्य हिरवा ५५७.७ नॅनोमीटरचा, जवळपास एकाच तरंगलांबीचा. त्यामुळे साधा हिस्टोग्राम मधोमध असतानाच हिरवा चॅनेल उजव्या भिंतीला जाऊन धडकलेला असतो. मग पट्ट्याच्या गाभ्यात पिवळट, सपाट डाग येतो आणि रॉ मधूनही तो सुधारत नाही. हिरवा भिंतीला लागला की आधी शटर निम्मं करा, आयएसओ नंतर.

---

किनवटचा_कंदील

फोनवाल्यांचं कुणीतरी बघा. सगळ्यांकडे डीएसएलआर नसतो.

---

गोदेची_लेक

फोनचं सांगते.

आयफोन ११ पासून पुढे नाइट मोड आहे. हातात धरला तर १० सेकंदांपर्यंत, ट्रायपॉडवर ठेवला आणि त्याला स्थिर असल्याचं कळलं की ३० सेकंदांपर्यंतचा पर्याय देतो. अरोरासाठी ३० घेऊ नका, स्लायडर ओढून १० किंवा त्याहून कमी ठेवा. अँड्रॉइडवर प्रो मोड: आयएसओ ८०० ते १६००, शटर ४ ते १० सेकंद, फोकस एमएफ करून डोंगराच्या चिन्हाकडे, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विन, रॉ असेल तर चालू. गूगलच्या पिक्सेल फोनचा तारे टिपण्याचा मोड ४ मिनिटांपर्यंत फ्रेमा गोळा करून एकत्र करतो. आकाशगंगेसाठी तो सुरेख, अरोरासाठी वाईट, कारण ४ मिनिटांत अरोराचं आभाळ पार बदललेलं असतं. साधा नाइट साइट वापरा.

लेन्स मुख्यच, म्हणजे १x. अल्ट्रावाइडचं छिद्र बहुतेक फोनांत लहान आणि सेन्सरही लहान. आभाळ जास्त येतं पण त्यात दाणेच दाणे.

फोनला ट्रायपॉडवर बसवायला पाव इंची स्क्रूचा क्लॅम्प मिळतो, तो घ्या. शटर ३ सेकंदांच्या टायमरवर. कव्हर काढू नका, तेवढीच ऊब टिकते. आयफोनची वापराची मर्यादा ० ते ३५ अंश दिली आहे, उणे तापमानात बॅटरी ४० टक्के दाखवताना फोन बंद पडू शकतो. आतल्या खिशात, अंगाशी ठेवायचा, काढायचा, फोटो घ्यायचा, परत आत.

आणि फ्लॅश बंद. शेजारी उभ्या असलेल्या बाराजणांचा फोटो एका फ्लॅशने जातो.

---

परभणीचा_पारा

बॅटरी थंडीत किती टिकते ते घरीच बघता येईल की. कॅमेरा तासभर फ्रीजरमध्ये ठेवायचा, उणे १८ भरतं.

---

शेंद्र्याचा_फिटर

नाही बा! असलं सुचवू नका, कुणीतरी खरंच करील. फ्रीजरमधून काढून आपल्या हवेत आणला की आतबाहेर पाणी सुटणार. सेन्सरवर, बटणांच्या खाली, फ्लेक्स केबलच्या सॉकेटमध्ये. नंतर महिनाभराने गंज दिसतो.

तोच प्रकार तिकडे रोज रात्री होणार, त्यावर मात्र बोलू. बाहेर उणे १०, खोलीत २२. कॅमेरा सरळ आत नेला तर फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखा घाम सुटतो. उपाय सोपा: बाहेर असतानाच कार्ड आणि बॅटरी काढून खिशात टाका, कॅमेरा झिपच्या जाड पिशवीत घाला, हवा दाबून काढा, झिप लावा. मग आत न्या. घाम पिशवीच्या बाहेरून सुटेल. दोन-तीन तास पिशवी उघडायची नाही. फोटो बघायची घाई असते म्हणूनच कार्ड आधी काढायचं. गाडीत बसतानासुद्धा हीटर लावलेला असतो हे विसरू नका. दर थांब्याला आतबाहेर करण्यापेक्षा कॅमेरा डिकीत गारच राहू द्या.

---

तारकाताई

त्यालाच जोडून. बॅटऱ्या तीन असाव्यात, एक कॅमेऱ्यात, दोन शर्टाच्या आतल्या खिशात. गार पडलेली बॅटरी संपलेली दिसली तरी फेकू नका, अंगाशी गरम झाली की आणखी थोडे फोटो देते. लेन्सवर दव गोठतं त्यासाठी यूएसबीवर चालणारा ड्यू हीटरचा पट्टा येतो, लेन्सच्या पुढच्या कडेभोवती गुंडाळायचा. तो नसेल तर हात गरम करायच्या पुड्या दोन, रबर बँडने लेन्सला बांधा. झूमवर मात्र रबर बँडचा ताण येऊ देऊ नका.

लेन्सवर फुंकर मारून पुसायची आपली सवय आहे ना, ती तिकडे बंद. श्वास काचेवरच गोठतो.

---

घाटनांदूर_एक्सप्रेस

एवढं सगळं करून ट्रॉम्सो कशाला? लडाखला हानलेमधून अरोरा दिसला होता. विमानाचं भाडं बघा आणि तुलना करा.

---

अंबाजोगाईकर

हानलेचं खरं आहे, पण ते ठरवून जाण्यासारखं नाही.

१०-११ मे २०२४ च्या रात्री फार मोठं, जी-५ (सगळ्यात वरच्या) दर्जाचं भूचुंबकीय वादळ आलं, तेव्हा तिथून लाल उजेड टिपला गेला. भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा तिथे आहे, उंची सुमारे ४,५०० मीटर. पण हानले ३३ अंश उत्तरेच्या आसपास, ट्रॉम्सो ६९ अंशांच्या पुढे. अरोराचा हिरवा भाग जमिनीपासून १०० ते १५० किलोमीटरवर असतो, लाल (६३० नॅनोमीटर) २०० किलोमीटरच्या वर. इतक्या दक्षिणेतून बघताना पृथ्वीच्या गोलाईमुळे हिरवा क्षितिजाखाली राहतो, फक्त वरचं लाल टोक डोकावतं. तेही बहुधा कॅमेऱ्यालाच. अशी वादळं वर्षानुवर्षांत येतात आणि त्यांची पक्की खबर आधी फार तर एक-दोन दिवस मिळते. तेवढ्यात घाटनांदूरहून हानले होत नाही.

असं वादळ आलंच आणि कुणी लडाखात असलंच तर तिथे ५० एमएम एफ १.८ कामाची. उजेड क्षितिजालगत, अरुंद आणि मंद. एफ २, आयएसओ ३२००, ६ सेकंदांच्या बऱ्याच फ्रेमा घेऊन नंतर एकत्र करायच्या.

---

किनवटचा_कंदील

आणि किनवटहून? आमच्याकडे जंगल आहे, रात्री लाईट गेली की ध्रुव ताऱ्यापर्यंत सगळं साफ दिसतं.

---

तारकाताई

किनवटहून आकाशगंगा बघा, मन भरेल. अरोराची आशा ठेवू नका.

तरी एक गंमत. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईतून अरोरा दिसल्याची नोंद आहे. आणि २ सप्टेंबर १८५९ च्या कॅरिंग्टन वादळात कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेलेलं टिपलं गेलं. त्या वादळाचा अभ्यास करताना जगभर आजही कुलाब्याचे आकडे काढतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून मोजणी अलिबागला हलवली, ती १९०४ पासून तिथे चालू आहे. तेव्हा मराठी माणसाचा अरोराशी संबंध अगदीच नाही असं नाही.

---

घाटनांदूर_एक्सप्रेस

म्हणजे अलिबागला जाऊ. मासे तरी मिळतील.

---

लातूरकर_लेन्स

धागा समुद्रात गेला. परत या.

सिंदफणाकाठ, अंदाज कसा बघायचा ते कुणी सांगितलं नाही. केपी म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा आकडा, ० ते ९ असतो, तीन-तीन तासांचा. ट्रॉम्सो अरोराच्या पट्ट्याखालीच येतं, त्यामुळे केपी १ किंवा २ असला तरी दिसतो. "केपी ५ नाही, आज झोपू" असं करू नका. केपीपेक्षा दोन गोष्टी बघा: बी-झेड, म्हणजे सौर वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण भाग, ऋण आहे का (उणे ५ नॅनोटेस्लाच्या खाली आणि टिकून असेल तर बाहेर पडा), आणि सौर वाऱ्याचा वेग. हे आकडे पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून येतात, म्हणून हातात १५ मिनिटं ते तासभर वेळ मिळतो. अमेरिकेच्या नोआ या सरकारी हवामान संस्थेचं पान फुकट आहे. वेळ तिथे जागतिक प्रमाणवेळेत असते. नॉर्वे हिवाळ्यात तिच्या एक तास पुढे, भारत साडेपाच तास पुढे. फोन आपोआप नॉर्वेच्या वेळेवर जाईल, कॅमेऱ्याचं घड्याळ हाताने बदला.

आणि खरा शत्रू ढग. केपी ७ असला आणि वर ढग असला तर खिडकीतून बर्फ बघा. समुद्राकाठी ढग असताना शे-दीडशे किलोमीटर आत, फिनलंडच्या सीमेकडे आभाळ मोकळं असू शकतं. म्हणून टूरवाले गाडीने आत नेतात. तिकडे थंडी मात्र कडक, किनाऱ्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी खाली जाऊ शकते.

---

सिंदफणाकाठ

भरभरून मिळतंय, सगळ्यांचे आभार. दोन शंका. लेन्सवर यूव्ही फिल्टर कायम असतो, तो राहू द्यायचा ना? आणि आई-बाबा अरोराखाली उभे असा एक फोटो हवाच आहे. तो फ्लॅशशिवाय कसा?

---

अंबाजोगाईकर

फिल्टर काढा. हे कुणीच आधी सांगत नाही आणि घरी आल्यावर कळतं. सपाट काचेच्या फिल्टरमुळे अरोराच्या फोटोत मधोमध गोल गोल कडी येतात, एकात एक. वर म्हणालो तो हिरवा एकाच तरंगलांबीचा, त्यामुळे फिल्टरच्या दोन समांतर पृष्ठभागांत परावर्तित होऊन त्याची व्यतिकरण कडी बनतात. साध्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असल्याने ही कडी दिसत नाहीत, म्हणून इथे तपासून काही कळणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये ती काढणं जिवावर येतं. फिल्टर निघत नसेल तर इथेच, आता, रबरी हातमोजा घालून काढा. थंडीत आवळून बसला की निघायचा नाही.

---

म्हैसमाळचा_वारा

आई-बाबांच्या फोटोचं सांगतो. १८ एमएम, एफ ३.५ ला अनंतावर फोकस असताना साधारण ५ मीटरच्या पलीकडचं पुरेसं स्पष्ट येतं. त्यांना ६-७ मीटरवर उभं करा, त्याहून जवळ नको. शटर ४ सेकंद, आयएसओ ६४००. तेवढा वेळ श्वास रोखायची गरज नाही, डोकं मात्र हलवायचं नाही. एकमेकांना टेकून उभं राहिलं की हलणं कमी होतं.

उजेडासाठी फोनचा टॉर्च थेट तोंडावर नको. टॉर्च खाली बर्फाकडे करून एक सेकंद लावा आणि बंद करा. बर्फावरून उजेड वर येतो, मऊ पडतो. जास्त झाला तर टॉर्चवर बोट ठेवून फटीतून सोडा. करण्याआधी आजूबाजूच्यांना सांगा. चंद्र अर्धा किंवा त्याहून मोठा असेल तर टॉर्चही लागत नाही, माणसं आणि डोंगर दोन्ही उजळतात. पौर्णिमेला मंद अरोरा पुसट होतो एवढंच.

आईंना आधी एक गोष्ट सांगून ठेवा: मंद अरोरा डोळ्यांना राखाडी ढगासारखा दिसतो, कमी उजेडात डोळ्याला रंग नीट कळत नाहीत. शंका आली की ढगाकडे कॅमेरा करून ५ सेकंदांची फ्रेम घ्यायची. हिरवा आला की तोच.

---

परभणीचा_पारा

आईंचं उत्तर आत्ताच सांगतो: "एवढे पैसे घालून राखाडी ढग? हा तर आपल्याकडे जूनमध्ये फुकट येतो आणि पाऊस न पाडता जातो."

---

गोदेची_लेक

😄 पारा, जिव्हारी लागलं.

टाइमलॅप्सचंही सांगते, कॅमेऱ्यात इंटरव्हल टायमर असेलच. शटर ५ सेकंद असेल तर मध्यंतर ७ सेकंद ठेवा, शटर आणि मध्यंतर सारखं ठेवलं तर फ्रेमा गळतात. २४ फ्रेमांचा एक सेकंद धरला तर १० सेकंदांच्या व्हिडिओला २४० फ्रेमा, म्हणजे २८ मिनिटं. रॉ फाइल २५ एमबी धरली तर ६ जीबी. ६४ जीबीचं एक कार्ड रात्रीला पुष्कळ झालं, पण दोन वेगळी ठेवा. टाइमलॅप्स चालू असताना तोच कॅमेरा अडकतो, तेव्हा फोनवर बाकीचं उरका.

---

शेंद्र्याचा_फिटर

आता मूळ प्रश्नाचा हिशेब लावू. लेन्स नको म्हणायचं तर पैसे कुठे घालायचे? जास्तीच्या दोन बॅटऱ्या. वायरचा रिमोट. ट्रायपॉडची प्लेट आणि फोम. फोनचा क्लॅम्प. लाल उजेडाचा हेडलाइट, नाहीतर साध्या हेडलाइटवर लाल जिलेटीन कागद. हातमोजे दोन थरांचे, आतला पातळ बोटांचा, बाहेरचा जाड मिटनचा. पायाला लोकरीचे मोजे आणि जाड तळव्याचे बूट, कारण बर्फावर दोन तास उभं राहिल्यावर माणूस फोटोमुळे नाही, पायामुळे परततो. ट्रायपॉड फारच डळमळत असेल तरच नवा घ्या, आणि तो भाड्याच्या लेन्सच्या आधी.

---

लातूरकर_लेन्स

या क्रमाला माझी ना नाही. ट्रायपॉड आधी, मान्य. उरले तर लेन्स.

---

तारकाताई

आणि सराव इथेच. जानेवारीत अमावास्येच्या आसपास जायकवाडीच्या पाणलोटाकडे किंवा म्हैसमाळला, गावाच्या दिव्यांपासून लांब. बीडहून पैठण लांब पडत असेल तर गावाबाहेरचं शेतही चालेल. व्याधावर फोकस करा, एफ ३.५, आयएसओ ३२००, १० सेकंद, मृगाची फ्रेम घ्या आणि तारे मोठे करून बघा. मग हेडलाइट बंद, जाड हातमोजे घालून तेच परत: आयएसओ बदलणं, शटर बदलणं, फोकस मेन्यूत जाणं, बॅटरी बदलणं. बोटांना बटणं पाठ झाली पाहिजेत. हातमोजे घालून आपल्या हवेत घाम येईल, येऊ द्या.

इथे ध्रुव तारा जेमतेम २० अंशांवर असतो, ट्रॉम्सोला ७० अंशांवर, जवळपास डोक्यावर. म्हणून तिथे त्याच्यावरून उत्तर शोधणं अवघड, फोनचं होकायंत्र बघा. अरोरा बहुधा उत्तरेकडून सुरू होऊन वर चढतो. कॅमेरा उभा करून, खाली थोडी जमीन ठेवून फ्रेम लावा. हलक्या ट्रायपॉडचं हेड उभ्या फ्रेममध्ये घसरतं का तेही इथेच बघून घ्या.

---

सिंदफणाकाठ

ठरलं. भाड्याची लेन्स रद्द, दोन बॅटऱ्या आणि रिमोट मागवले. हेड उभ्यात घसरतं, आत्ताच लावून बघितलं. फिटरभाऊ?

---

शेंद्र्याचा_फिटर

प्लेट आणि कॅमेऱ्याच्या मध्ये सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा घाला, स्क्रूपुरतं भोक पाडून. नाण्याने आवळा. तरीही घसरलं तर हेडचा टिल्टचा बोल्ट ढिला आहे, बाजूची टोपी काढली की दिसतो. पाव फेरा आवळा, जास्त नको, थंडीत आणखी घट्ट होणार आहे.

---

किनवटचा_कंदील

जाता जाता: जास्तीच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनला चालत नाहीत. पॉवर बँक १०० वॅट-अवरच्या आतली असावी, २०,००० एमएएचची ७४ भरते. बॅटऱ्यांच्या टोकांना टेप लावा. आणि नॉर्वेत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, दोन गोल पिनांचा आपला चार्जर बसतो. तीन पिनांचा बसत नाही, त्याला ॲडॅप्टर लागेल.